केसांची निगा ही चैन नव्हे

आपल्या आरोग्य शिबिरांत रक्तक्षय, अंगावर पांढरे जाणे, गर्भनिरोधन या विषयांवर बोलले जाते. केसांचा विषय निघाला की कार्यकर्त्या हसून पुढे जातात. 'ते ब्यूटी पार्लरवाल्यांचे काम,' असे एका बैठकीत मला ऐकवण्यात आले. या भूमिकेमागचा विचार मला समजतो. १९९६ साली बंगळुरूच्या जगत्सुंदरी स्पर्धेला स्त्री संघटनांनी विरोध केला होता आणि बाईला बाजारात मांडण्याला आपला आजही विरोध आहे. पण म्हणून केसांचा विषयच सोडून दिला, तर तो बाजाराच्या किंवा देवीच्या नावाने बोलणाऱ्यांच्या हाती जातो. तसा तो गेलाही आहे.

बाईच्या केसांबद्दलचे निर्णय नेहमी इतरांनीच घेतले. विधवांच्या केशवपनाविरुद्ध सत्यशोधकांच्या प्रेरणेने १८९० साली मुंबईतल्या नाभिकांना संप करावा लागला. उलट जट आलेल्या मुलीच्या केसांना कात्री लावायला आजही अनेक घरांत मनाई असते. देवीचे बोलावणे आले असे समजून जटेला हळदकुंकू वाहिले जाते. कित्येक मुलींना याच कारणाने देवीला सोडण्यात आले. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानंतर महाराष्ट्राने २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध नवा कायदा केला. मुलीला देवीला सोडणे हा गुन्हा आहे. तरी डोक्यावरचा तो भार, मानेचे दुखणे, उवा आणि शाळेतली चिडवाचिडवी मुलीच्या वाट्याला येतच राहते.

जटेत दैवी काही नाही. बरेच दिवस केस धुतले-विंचरले नाहीत, घाम, तेल आणि धूळ साठत गेली की केस एकमेकांत गुंततात आणि गुंता घट्ट होत जातो. आजारपण, बाळंतपण, पाण्याची टंचाई, दिवसभराची मजुरी, यांत केसांकडे बघायला वेळ कुठला? कपड्याच्या साबणाने डोके धुतले, त्यात बोअरचे जड पाणी, की केस राठ होतात आणि कंगवा अडकतो. विंचरताना दुखते म्हणून मुलगी विंचरायचे टाळते, आणि गुंता वाढतो.

कंडिशनरचे काम इथे आहे. केसावर बुळबुळीत पातळ थर बसला की घर्षण कमी होते आणि गुंता सुटतो. हा गुण आपल्या घरातल्या जिनसांत आहे. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर शिजवा, सतत ढवळा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाटसर झाले की गरम असतानाच फडक्यातून गाळा. गार झाल्यावर ते गाळता येत नाही. जवस नसेल तर दोन चमचे मेथी रात्री भिजत घालून सकाळी बारीक वाटा आणि गाळून घ्या. दारात जास्वंद असेल तर मूठभर पाने पाण्यात कुस्करली तरी बुळबुळीत रस निघतो. आधी हातावर थोडे लावून खाज येत नाही ना ते बघा. धुतलेल्या ओल्या केसांना लावा, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरत या, मग साध्या पाण्याने धुवा. हे टिकत नाही, म्हणून लागेल तेवढेच करा.

याने केस वाढतात, टक्कल भरते, उवा मरतात असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. घट्ट झालेली जटही याने सुटत नाही. ती कापावीच लागते, आणि तीसुद्धा त्या मुलीशी, घरच्यांशी बोलून, तिच्या संमतीने.

दोन गोष्टींबाबत मात्र सावध राहायला हवे. 'घरगुती, नैसर्गिक' म्हटले की ते करण्याचे काम आपोआप बाईच्या अंगावर पडते. पाणी तिने आणायचे, वाटण तिने करायचे आणि घरातल्या सगळ्यांची डोकी तिनेच धुवायची! ज्या बाईला पुडीतला शाम्पू सोयीचा वाटतो तिला आपण कमी लेखू नये. दुसरे म्हणजे बचत गटांना 'हर्बल' प्रसाधनांचे एक दिवसाचे प्रशिक्षण देऊन उद्योजक ठरवले जाते. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधने बनवायला अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हे त्या दिवशी सांगितले जातेच असे नाही. प्रशिक्षण देणाऱ्यांना परवाना, कच्चा माल आणि बाजारपेठ याबद्दल प्रश्न विचारायला गटातल्या बायकांना आपण शिकवले पाहिजे.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या शिबिरात एक तास केसांसाठी ठेवू या. जवस शिजवू या, एकमेकींचे केस विंचरू या आणि त्याच बैठकीत जटेबद्दल बोलू या. डोक्याला हात लावू दिलेली बाई मनातलेही बोलते, हा माझा वस्तीतला अनुभव आहे. आणि तिथे नळाला पाणी येत नसेल, तर आपला पुढचा मोर्चा कुठे न्यायचा तेही त्याच तासात ठरेल.