ऑपरेशनची तारीख: ‘कशासाठी थांबलंय?’ हे विचारा

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून ऑपरेशनसाठी निघालेला माणूस पहाटेची एसटी धरतो. अलिबागचे जिल्हा रुग्णालय तिथून शंभर किलोमीटरहून लांब, मुंबई त्याहून पुढे. सोबत एक जण हवाच, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. खिडकीवर उत्तर मिळते, ‘सर ओटीत आहेत, पुढच्या सोमवारी या.’ माणूस मान हलवतो आणि परतीची गाडी बघतो. ही मान हलवणे आपण आता सोडले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ऑपरेशन थांबते त्याला काहीतरी कारण असते. रक्ताचा रिपोर्ट आलेला नसतो. साखर किंवा बीपी वाढलेले असते, म्हणून भूलतज्ज्ञांनी फिटनेस दिलेला नसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी बाकी असते, खाट रिकामी नसते, किंवा अपघाताची केस आली म्हणून यादी पुढे गेलेली असते. महामार्गालगत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पण प्रत्येक कारणाचा माणूस वेगळा. मंजुरीचे काम योजनेच्या टेबलावरच्या आरोग्यमित्राकडे असते. सर्जनच्या दाराशी चार तास उभे राहून ती येत नाही. म्हणून ‘कधी होणार?’ याच्या आधी ‘कशासाठी थांबलंय, आणि त्यात आम्ही काय करायचं?’ हे विचारावे.

निघण्याआधी फोन करावा. केसपेपर हातात धरून, थोडक्यात: ‘नमस्कार ताई, पोलादपूरहून बोलतेय. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय, केसपेपर नंबर अमुक. रक्त आणि ईसीजी झालंय. आता काय बाकी आहे? सोमवारी सर नक्की बसणार आहेत ना? आम्ही लांबून येतो.’ उत्तर देणारीचे नाव आणि तारीख केसपेपरच्या पाकिटावर लिहून ठेवावी. पुढच्या वेळी ‘अमुक ताईंनी मंगळवारी असं सांगितलं होतं’ एवढे म्हटले तरी बोलणे पुढे सरकते.

आपल्याकडे दोन सवयी आहेत. एक हात जोडून ‘साहेब, तुम्हीच मायबाप’ म्हणण्याची, दुसरी पंधरा पोरे घेऊन खिडकीवर जाण्याची. पहिलीने कागद हलत नाही. दुसरीत खिडकीवरची मुलगी रडते, जी बहुधा आपल्याच पोरींसारखी कंत्राटावर असते. आणि हात उचलला गेला तर २०१० च्या कायद्याने गुन्हा आपल्यावर. चवदार तळे खुले करण्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तो कागदावरच होता. २० मार्च १९२७ ला माणसे रांगेने, शांतपणे गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. महाडकरांना याहून जास्त काय सांगावे?

मागायचे ते नेमके मागावे. आपल्या उपचाराच्या कागदांच्या प्रती अर्ज केल्यापासून ७२ तासांत मिळाव्यात, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. योजनेत असूनही पैसे मागितले तर कशाचे ते विचारावे, पावती मागावी, आणि १५५३८८ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तोंडी नकार मिळाला तर ‘हे केसपेपरवर लिहून द्याल का?’ असे म्हणावे. आवाज चढवायची गरज बहुधा पडत नाही.

ज्यांना फोनवर बोलायला जड जाते, त्यांच्यासाठी वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलीने हे काम घ्यावे. रविवारी विहारात जमतो तेव्हा कोणाची तारीख अडली आहे, एवढे विचारायला पाच मिनिटे पुरतात.

मात्र तारखेची वाट कुठवर बघायची, हे घरात सर्वांना ठाऊक हवे. हर्नियाची गाठ अचानक कडक झाली, आत जात नाही, दुखते आहे आणि उलट्या सुरू झाल्या, तर फोन त्या खिडकीला नको. १०८ ला करावा आणि तडक निघावे, रात्र असली तरी.