आधी कोण, मग कोण?

परवा गुरुवारी रात्री मी जाम टेन्शनमध्ये होते. शनिवारी सकाळी नाशिकला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. म्हणजे शुक्रवारी रात्री नऊची बस पकडायलाच हवी. आणि हातात तीन कामं, तिन्ही शुक्रवारीच द्यायची. मी लिहिणार, मग माझी डिझायनर मैत्रीण पानं लावणार.

हिशेब असा. मुलाखत: लिहायला ५ तास, पानाला २. ट्रॅव्हल पुरवणी: ४ आणि ३. फूड फोटोफीचर: मजकूर १ तास, पानं ६ तास. माझा प्लॅन? मोठं काम आधी उरकायचं! आपण सगळे हेच करतो ना?

मावसभाऊ चाकणच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला आहे. फोनवर त्याच्यापुढे रडले, तर म्हणाला, ‘‘अगं, हा तर फ्लो शॉप!’’ म्हणजे प्रत्येक जॉब त्याच क्रमाने एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जातो. आधी मी, मग मैत्रीण. १९५४ मध्ये एस. एम. जॉन्सन यांनी दोन मशीनसाठी एक सोप्पा नियम मांडला. सगळ्यात छोटा आकडा शोधा. तो पहिल्या मशीनचा असेल तर ते काम सगळ्यात आधी, दुसऱ्याचा असेल तर सगळ्यात शेवटी. ते काम बाजूला काढा आणि उरलेल्यांना पुन्हा तेच.

करून पाहिलं. सगळ्यात छोटा १, माझ्याकडचा. फूड पहिलं. मग २, मैत्रिणीकडचा. मुलाखत शेवटी. ट्रॅव्हल मध्ये. माझ्या जुन्या क्रमाने सकाळी आठला सुरू केलं असतं तर रात्रीचे दोन वाजले असते. नव्या क्रमाने? रात्रीचे आठ! कामं तीच, तासही तेच. फरक एवढाच, की जुन्या प्लॅनमध्ये मैत्रीण सात तास नुसती माझी वाट बघत बसली असती. नव्यात फक्त एक तास.

‘‘दादा, मग तुमचं काम किती सोपं!’’ मी म्हणाले. तो हसला. तीन मशीन झाली की असा झटपट नियम कायम चालत नाही. हे कोडं किती अवघड आहे, ते गॅरी, जॉन्सन (हा वेगळा जॉन्सन!) आणि रवी सेठी यांनी १९७६ मध्ये सिद्ध केलं. नुसते दहा जॉब घ्या, त्यांचे क्रम होतात ३६,२८,८००. त्यात बॅचची भानगड. पेंट शॉपमध्ये रंग बदलला की गन धुवा, पेंट वाया घालवा. म्हणून लाल गाड्या एकापाठोपाठ घ्यायच्या. पण बॅच फार मोठी केली की पांढऱ्या गाडीची वाट बघणारे खोळंबतात. बॅच केवढी, हेच खरं दुखणं.

आपल्या ऑफिसातही तेच नाही का? ‘मी किती बिझी’ हे आपण मोजतो. आपल्यामुळे पुढचा किती वेळ ताटकळतोय, हे कोण मोजतं? सोमवारी ऑफिसला गेलात की आधी एवढंच बघा: कोणतं छोटं काम हातावेगळं केलं की दुसऱ्याचं मोठं काम सुरू होईल?

आठचे साडेआठ झाले, पण बस मिळाली. पहाटे दार उघडताच आईने विचारलं, ‘‘रात्री जेवलीस का गं?’’

तो जॉब शेड्यूलमध्ये टाकायचाच राहिला होता.