तान्ह्याच्या तोंडी चोखणी

बारशाला येणाऱ्या भेटींमध्ये झबले, टोपडे आणि खुळखुळा यांच्या जोडीने आता रंगीत चोखणीही हमखास असते. पॅसिफायर या नावाने ती औषधांच्या दुकानात मिळते, तशीच दादरच्या बाजारातही मिळते. ती बाळाला द्यावी की देऊ नये, यावर मात्र घरातच दोन पक्ष पडतात. आजीच्या मते ती वाईट सवय असते, तर रात्र-रात्र जागणाऱ्या आईला ती दिलासा वाटते. या वादाचा निकाल एका शब्दात लागत नाही. चोखणी कोणत्या बाळाला, कोणत्या दिवसांत आणि कशासाठी देणार, यावर तिचे बरेवाईटपण अवलंबून असते.

प्रथम बाळाची बाजू समजून घेऊ. चोखणे ही त्याची जन्मजात प्रेरणा आहे. गर्भातच बाळ अंगठा चोखू लागते, हे सोनोग्राफीत दिसते. चोखल्याने त्याचे पोट भरते आणि मनही शांत होते. आईच्या स्तनाशी या दोन्ही गोष्टी एकत्र साधतात. चोखणीमुळे त्यांतील दुसरी तेवढी साधते. बाळाचे ओठ हलतात, डोळे मिटतात, पण पोटात काहीच जात नाही.

आता आईची बाजू. दूध साठवून ठेवलेले नसते. ते मागणीनुसार तयार होते. बाळ जितक्या वेळा आणि जितके नीट ओढते, तितके ते अधिक येते. पहिले दोन-तीन दिवस चीक येतो, मग दूध उतरू लागते आणि पुढील काही आठवड्यांत त्याचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळते. या काळात बाळाला दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे लागते. संध्याकाळी तर ते तासा-तासाने मागते. त्याचा अर्थ दूध अपुरे आहे असा नव्हे. उद्याच्या दुधाची मागणी बाळ आजच नोंदवीत असते. नेमक्या त्याच वेळी तोंडात चोखणी दिली, तर ती मागणी आईच्या शरीरापर्यंत पोहोचत नाही. मग दूध कमी पडते, दूध कमी म्हणून बाळ रडते, आणि रडते म्हणून पुन्हा चोखणी दिली जाते. या फेऱ्यातून अनेक घरांत अखेरीस पावडरचा डबा येतो.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगितल्या, तेव्हा नवव्या पायरीत अंगावर पिणाऱ्या बाळाला चोखणी देऊच नये असे बजावले होते. २०१८ मध्ये ही पायरी बदलण्यात आली. आता बाटली, बोंड व चोखणी यांचा वापर आणि धोके आईला नीट समजावून सांगावेत, असे म्हटले आहे. या बदलामागे अभ्यास आहेत. पूर्ण दिवसांची निरोगी बाळे आणि अंगावर पाजण्याची मनापासून इच्छा असलेल्या माता यांच्यात चोखणीमुळे चौथ्या महिन्यापर्यंतच्या स्तनपानात लक्षणीय फरक पडला नाही, असे २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत दिसले. मात्र ज्या आईचे पाजणे अजून बसलेले नाही, जिला वेदना होतात किंवा जिला दुधाविषयी शंका आहे, तिला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

दिवसांआधी जन्मलेल्या बाळांची गोष्ट निराळी आहे. नळीने दूध घेणाऱ्या बाळाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली चोखणी दिल्यास चोखण्याचा सराव होतो आणि रुग्णालयातील मुक्काम कमी होण्यास मदत होते. अशा बाळांसाठी आईचे दूध किती मोलाचे, हे मुंबईने लवकर ओळखले. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. लालबाग-परळच्या चाळीत भिंतीला भिंत लागलेली असते. रात्री दोन वाजता बाळ रडले, की पलीकडच्या खोलीत पहिल्या पाळीला जाणारा माणूस जागा होतो. बाळंतिणीला बाळाहून अधिक धास्ती शेजाऱ्यांची वाटते, आणि बाळाला गप्प करणे हेच तिचे कर्तव्य होऊन बसते. या गिरणगावाला ही गोष्ट नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी गिरणीत कामाला जाणाऱ्या माता तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन निजवीत. १९२० च्या दशकाच्या आरंभी डॉ. बार्न्स यांनी मुंबईतील कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही प्रथा किती सार्वत्रिक होती हे उघड झाले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. चोखणी म्हणजे अफू नव्हे. तिची तुलना विषाशी करणे अन्यायाचे होईल. पण बाळाच्या रडण्याचा अर्थ न लावता ते थांबवण्याची घाई तीच आहे. त्या घाईत आईला एकटे सोडू नये. शेजारच्या काकूंनी रात्रीच्या रडण्याबद्दल टोमणा मारण्याऐवजी सकाळी तासभर बाळाला मांडीवर घेतले, तर आईला झोप मिळेल.

मग व्यवहारात काय करावे?

पहिले तीन ते चार आठवडे चोखणी दूर ठेवावी. बाळ मुठी तोंडाकडे नेते, ओठ चाटते, मान वळवून शोधते, ही भुकेची खूण होय. रडणे ही उशिराची खूण आहे. खूण दिसताच पाजावे. पाजूनही ते कुरकुरत असेल, तर ढेकर काढावी, लंगोट पाहावा, छातीशी धरून फिरवावे.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे आणि दोन आठवड्यांत जन्मवेळचे वजन भरून येणे, ही खरी मोजमापे आहेत. वजन भरत नसेल, बाळ सुस्त असेल, पाजायला उठत नसेल, तर चोखणी ताबडतोब बंद करून डॉक्टरांना दाखवावे.

पाजणे बसल्यावर, वजन वाढू लागल्यावर झोपेच्या वेळी चोखणी दिली तर हरकत नाही. झोपेतील आकस्मिक बालमृत्यूचा धोका तिने कमी होतो, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते; बाळाला उताणे निजवणे मात्र त्याहून महत्त्वाचे. झोपेत ती पडली तर पुन्हा घालू नये, आणि नको असल्यास बळजबरी करू नये.

चोखणी एकसंध असावी. तिची चकती बाळाच्या तोंडाहून मोठी आणि भोके असलेली असावी. ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधू नये; फास बसू शकतो. रोज उकळावी, चिरली की टाकून द्यावी. खाली पडलेली चोखणी आपल्या तोंडाने साफ करू नये. मध किंवा गूळ तर कधीच लावू नये; वर्षाच्या आतील बाळाला मधाने गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिन्यांनंतर कानाच्या जंतुसंसर्गाची शक्यता वाढते, आणि दोन-तीन वर्षांपुढे सवय राहिल्यास दातांची ठेवण बिघडते. म्हणून पहिल्या वाढदिवसापर्यंत ती हळूहळू सोडवावी.

थोडक्यात, भूक भागल्यावरची चोखणी बाळाला सोबत करते आणि भूक दडपणारी चोखणी त्याला फसवते. बाळ रडले की आधी पदराखाली घ्यावे. ते पोटभर प्यायले आणि तरीही ओठ हलवीत राहिले, तरच चोखणीचा विचार करावा.