डबीवर न लिहिलेलं औषध



मागच्या बैठकीनंतर आपल्या एका कार्यकर्तीनं पर्समधून एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली. 'संपूर्ण आयुर्वेदिक, महिन्यात आठ किलो कमी' एवढंच त्यावर छापलेलं. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. भिशीतल्या बाईकडून घेतलेली. तीन आठवड्यांत भूक मेली, वजन उतरलं आणि छातीत धडधड सुरू झाली. आपल्या यंत्रावर मोजलं तर १७० वर ११०. ही बाई चार वर्षं बीपीची गोळी घेते. विकणारीनं तिला वजन विचारलं, उंची विचारली, मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा विचारली. बीपी आहे का, एवढं मात्र विचारलं नाही.

तिला आम्ही तसंच दवाखान्यात नेलं. त्या डबीत काय होतं ते सांगता येणार नाही. पण अशा 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांना पुन्हा पुन्हा काय सापडलं, ते ठाऊक आहे : सिब्युट्रामिन. भूक मारणारं हे औषध एके काळी रीतसर विकलं जायचं. त्यानं बीपी आणि नाडी दोन्ही वाढतात. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठी चाचणी झाली, तेव्हा औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके जास्त आढळले. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं, फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. बंदी आली म्हणून ते नाहीसं झालं नाही. लेबलावरून तेवढं गेलं.

हे पहिलं उदाहरणही नाही. फेनफ्लुरामिननं हृदयाच्या झडपा बिघडतात हे कळल्यावर १९९७ मध्ये अमेरिकेत ते मागे घेतलं गेलं, पुढच्या वर्षी आपल्याकडे बंदी आली. भूक मारायला फेनिलप्रोपॅनोलामिन घेणाऱ्या बायकांत मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका अमेरिकेत २००० साली दिसून आला. पाळी आणण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या हाय डोस ईपी गोळ्यांविरुद्ध ऐंशीच्या दशकात स्त्री-संघटना लढल्या, १९८८ मध्ये बंदी मिळाली. पाकिटात काय आहे, हे विचारायला आपण तेव्हा शिकलो होतो. मग आता का लाजतो?

२०२५ पासून टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची वजनाची इंजेक्शनं भारतात मिळू लागली. त्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरतं तसं बीपीही बऱ्याचदा उतरतं. अडचण इथेच आहे. बीपीची गोळी जुन्याच मापानं चालू राहिली तर चक्कर येऊन बाई पडू शकते. त्यातून उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं आणि गोळी लघवी वाढवणारी असली, तर मूत्रपिंडावर ताण येतो. नाडीही थोडी वाढते. गरोदरपणात ही इंजेक्शनं चालत नाहीत. म्हणून गोळीचं माप डॉक्टरांनीच बदलायचं; आपल्या मनानं ना वाढवायची, ना बंद करायची. टिर्झेपटाइड आलं तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी ३,५०० रुपयांना होती, आणि दर आठवड्याला एक लागते. ज्यांना हे परवडत नाही त्या बायकांच्या हातात भिशीतली डबी येते.

मला स्वतःला बीपी आहे. वजन उतरवा, मीठ कमी करा, हे मीही ऐकते (कोल्हापुरात राहून लोणचं-पापड सोडणं किती अवघड, ते मला विचारा). तेव्हा या कार्यकर्तीला कुणी वेडी म्हणू नये. लग्नाच्या फोटोत आपण कशा दिसू, ही काळजी तिनं एकटीनं निर्माण केलेली नाही.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आहे आणि रक्तदाबही. हे बरं करतो अशी औषधाची जाहिरात लोकांत करणं गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. पावती असली तर बरं, पण भिशीत पावती कोण देतं? म्हणून डबी फेकू नका, जाहिरातीचा कागद जपून ठेवा.

कार्यकर्तीचं बीपी आता आटोक्यात आहे. डबी आपल्या कपाटात आहे. पुढच्या बैठकीला यंत्र बाहेर काढून ठेवतो. येताना घरातल्या अशा डब्या घेऊन या, रिकाम्या असल्या तरी चालतील. आणि बीपीच्या गोळीचं पाकीटही आणा.