साधं म्हणू नका

‘गावाकडचं साधं जेवण’ हे तीन शब्द ज्या रीलवर येतात, तिच्यात चूल असते, मडकं असतं, नऊवारीतली एक आजी असते आणि आजीच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असतो. मडक्यात पूर्वी चिकन असायचं. हल्ली वजडी असते, मुंडी असते, पाये असतात. खाली लोक लिहितात, किती साधं, किती शुद्ध, आपण काय गमावून बसलो! या लोकांच्या खाण्याबद्दल माझी तक्रार नाही. खावं, बोटं चाटून खावं. बकऱ्याच्या अंगात मांडीच्या तुकड्यापेक्षा चवदार जागा कितीतरी आहेत आणि त्या जितक्या लोकांना कळतील तितकं बरं. माझं भांडण ‘साधं’ या एका शब्दाशी आहे.

मी धामणगाव बढेचा. जिल्हा बुलडाणा, तालुका मोताळा. जळगाव जिल्ह्याची हद्द आम्हाला जवळ, त्यामुळे आमच्या ताटात वऱ्हाड आणि खानदेश शेजारी शेजारी बसतात. काळा मसाला असतो, आणि ज्वारीत उडीद दळून केलेली कळण्याची भाकरी असते, जी दोन्हीकडचे लोक आपलीच म्हणून सांगतात. कपाशी, मका, सोयाबीन यांवर चालणारं गाव. ज्या घरात मजुरी बाजाराच्या दिवशी हातात पडते, तिथे किलोभर मटण हा सणाचा विषय. बाजाराच्या दिवसाचा विषय म्हणजे वजडी.

आता ही वजडी काय असते ते बघा, कारण रीलमध्ये ती धुतलेली, कापलेली, पांढरीशुभ्र येते. वजडी म्हणजे बकऱ्याचं पोट आणि आतडी. खाटकाकडून येते तेव्हा हिरवट-काळी असते, आत अर्धवट पचलेला पाला असतो आणि ती कुणाच्या घरी आली हे अख्ख्या गल्लीला वासावरून कळतं. आधी पोट चिरून उलटं करायचं, रिकामं करायचं, पाणी बदलत बदलत धुवायचं. मग गरम पाणी, त्यात चिमूटभर चुना. सगळी मेख या पाण्यात आहे. कमी तापलं तर आतली काळी साल सुटत नाही. जास्त उकळलं तर साल अशी धरून बसते की सुरी हात टेकते. आमची आजी पाण्यात बोट बुडवायची. दुसऱ्यांदा बुडवायची हिंमत झाली तर पाणी कच्चं आहे, असा तिचा हिशोब होता. मग सुरीच्या बोथट बाजूने खरवडत बसायचं, टॉवेलसारखा पांढरा खरखरीत पोत दिसेपर्यंत. आतडी काडीवर उलटी करायची, मीठ, हळद आणि ज्वारीचं पीठ लावून चोळायची, पुन्हा धुवायची, पुन्हा वास घेऊन बघायचा. एका वजडीत सकाळ जाते. शिजवणं त्यानंतर.

याला साधं म्हणायचं तर अवघड कशाला म्हणायचं? मांडीचं मटण साधं असतं. फोडणीत टाका, शिट्ट्या करा, वाढा. चुकलं तरी खाता येतं. वजडी धुण्यात चुकली तर ताट उकिरड्यावर जातं.

पायांचंही तसंच. आधी विस्तवावर केस जाळायचे, खरवडायचे, खूर ठोकून काढायचे. जनावर जन्मभर ज्यावर उभं राहतं त्या भागात मांस थोडं आणि कातडी, कंडरा, सांधे जास्त. त्यातलं कोलॅजन घाईला दाद देत नाही. मंद आचेवर काही तास गेले की त्याचं जिलेटिन होतं आणि मग रस्सा ओठांना चिकटायला लागतो. ज्याने कळण्याची भाकरी त्या रश्श्यात चुरून खाल्ली आहे त्याला मी आणखी काय सांगू? पण ते काही तास कुणाचे होते, सरपण कुणी आणलं होतं, हे विचारावं लागेल. शेतातून येऊन चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा वेळ फुकट धरला, म्हणून पाये स्वस्त. दुकानात न दिलेले पैसे घरातली एक बाई अंगमेहनतीने भरत असते, आणि पाहुणा म्हणतो, वा, काय साधं जेवण!

आमच्या कुणब्याच्या घरात मटणाला स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. अंगणात तीन दगडांची चूल, वेगळं जर्मनचं पातेलं, वेगळी पळी. मटण असलं की शिजवायला पुरुष पुढे. मसाल्यावरून वाद व्हायचे, आणि शेजारी म्हणायचे, ‘आज काकाच्या हातचं हाय बाप्पा!’ वजडी असली की धुवायला आजी आणि काकू, घरापासून लांब, नाल्याच्या अंगाला. धुऊन आणल्यावर फोडणी मात्र परत काकांचीच, कौतुकही त्यांचंच. गावरान हॉटेलांच्या पाटीवर पगडीवाला मिशाळ गडी का असतो आणि वजडी खरवडणारी बाई का नसते, याचं उत्तर बहुतेक आमच्या अंगणातच आहे.

आणि ही झाली जिथे वजडी विकत घेतली जायची त्या घरची गोष्ट. गावकुसाबाहेरच्या वस्तीत काय खायचं ही निवडही खाणाऱ्याची नव्हती. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर लादलं, त्यांच्याच वाट्याला ते मांस आलं, आणि मग तेच मांस त्यांच्या अस्पृश्यतेचं कारण म्हणून त्यांच्या तोंडावर फेकलं गेलं. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचं मांस सोडण्याचा ठराव झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तसं बजावून सांगितलं, आणि घरोघरी लोकांनी ते सोडलं. भूक समोर असताना सोडलं. ज्यांच्या आजोबांनी मानासाठी एक चव सोडली, त्यांच्यापुढे जाऊन ‘तुमची ती पारंपरिक रेसिपी द्या ना’ म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि लग्नाच्या आहेरात जाऊन बसलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ यायला 2015 उजाडलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होतं, कसं वाळवून ठेवत होते, कुठल्या भागाला काय म्हणत होते, हे त्यात आहे. शीर्षकच बघा, पूर्णब्रह्माच्या श्लोकाला एका अक्षराचं उत्तर. 2024 मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आला आणि शहरातल्या पुष्कळांना मूळ पुस्तकाचा पत्ता तेव्हा लागला. उशिरा का होईना, लागला. पण रीलवाल्यांनी ते वाचलं असतं तर ‘साधं’ हा शब्द त्यांच्या बोटातून उतरला नसता.

हे फक्त आपल्याकडे झालेलं नाही. रोममध्ये टेस्टाचो नावाचा भाग आहे. तिथला कत्तलखाना 1975 पर्यंत चालू होता. जनावराचे चार चतकोर वरच्या लोकांकडे जायचे. शेपटी, आतडी, काळीज, डोकं असं उरलेलं कामगारांना मजुरीत मिळायचं. त्याला नाव पडलं ‘क्विंतो क्वार्तो’, म्हणजे पाचवा चतकोर. आज त्याच भागातल्या हॉटेलांत पाचवा चतकोर पर्यटक खातात. लंडनमध्ये फर्गस हेंडरसनने 1994 मध्ये ‘सेंट जॉन’ हे हॉटेल काढलं आणि भाजलेल्या नळीतला मगज पांढऱ्या प्लेटमध्ये वाढून दाखवला. मला हेंडरसन आवडतो; जनावर मारलंच आहे तर सगळं खाणं ही सभ्यता आहे, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पण आमच्याकडे नळी फोडून ओढणाऱ्या पोराला ‘भुकेला’ म्हणतात आणि तिकडे त्याच कामासाठी वेगळा लांब चमचा देतात, एवढं तर दिसतंच ना?

स्वस्त मांसाचा विषय काढला की एक गोष्ट टाळता येत नाही. महाराष्ट्रात गाईंची कत्तल 1976 च्या कायद्याने बंदच होती. 2015 च्या मार्चमध्ये बैल आणि वळूही त्यात आले. कुणाच्या श्रद्धेबद्दल मी इथे बोलत नाही, ताटाबद्दल बोलतो. 2016 च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं आणि खाणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. म्हणजे आणायची ऐपत असेल त्याची सोय झाली. धामणगावच्या मजुराने ते कुठल्या राज्यातून आणायचं? मग तो वजडीकडे वळतो, तर वजडीची फॅशन आलेली असते. शहरातली हॉटेलं मुंड्या-पाये आधीच सांगून ठेवायला लागली की ठोक भाव वाढतो, हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळ जण पुण्या-संभाजीनगरला कॉट बेसिसवर राहत असाल. मीही राहिलो. ‘नॉनव्हेज चालणार नाही’ ही अट मला चार दारांवर ऐकायला मिळाली. पाचव्या दारी अंडी चालत होती, पण ‘ते आतड्या-बितड्या नको’ असं घरमालकांनी हसत सांगितलं. गावाहून आईने डब्यात दिलेली वजडी मी एसटी स्टँडच्या बाकावर बसून संपवली होती, थंड, भाकरीसोबत. तेच घरमालक पुढे एका रविवारी सहकुटुंब चुलीवरच्या मटणाला शहराबाहेर गेले आणि खाटेवर बसून काढलेला फोटो मला कौतुकाने दाखवला. वाईट माणूस नव्हता. अंतर ठेवून बघितलं की गाव त्याला आवडायचं, शेजारच्या खोलीत आलं की वास यायचा.

म्हणून, खाणार असाल तर एवढं करा. ‘ऑफल’ आणि ‘रस्टिक’ म्हणत बसू नका. वजडी, फोपसा, तिल्ली, काळीज, मुंडी, रक्ती अशी धडधाकट नावं आहेत, ती घ्या. हॉटेलात वजडी मागवलीत तर ती कोण धुतं आणि तिला दिवसाचे किती मिळतात ते विचारा. फोडणी देणाऱ्याचं नाव तर पाटीवर असतंच. आणि एकदा तरी खाटकाकडे सकाळी लवकर जाऊन न धुतलेली वजडी मागून घ्या. तो तुमच्याकडे दोनदा बघेल. घरी आणून उन्हं चढायच्या आत धुवायला बसा, चुना बेताने टाका, पाण्यात बोट बुडवून बघा. हाताचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही, लिंबू चोळलं तरी. काकू चिंच चोळायची, आणि तोवर पदराला हात लावायची नाही.