बोली म्हणजे बिघडलेली भाषा नव्हे

‘ते येतात’ हे सांगताना तमिळ बातम्यांचा निवेदक ‘वरुगिरार्गळ’ म्हणतो. घरी गेल्यावर तोच ‘वरांग’ म्हणतो. पुस्तकातले ‘वीट्टिल’, म्हणजे घरात, चेन्नईच्या बोलण्यात ‘वीट्टुल’ होते. लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा अशी वेगळी असण्याला भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ च्या निबंधात ‘डायग्लॉसिया’ म्हटले आणि अरबीचे ठळक उदाहरण दिले. तमिळ आणि अरबी दोन्हीकडे समजूत एकच असते : ग्रंथभाषा मूळची शुद्ध, बोली ही तिची झीज. ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही. आठव्या शतकात व्याकरणकार सिबवैहीने अरबीचे व्याकरण बांधले, त्यात शब्दाच्या शेवटचे विभक्तिस्वर महत्त्वाचे होते. पण दमास्कसच्या उमय्याद मशिदीत सापडलेल्या, ग्रीक लिपीत लिहिलेल्या जुन्या अरबी स्तोत्रात हे स्वर जवळजवळ नाहीत. अरबी लिपी ऱ्हस्व स्वर सहसा दाखवत नाही, ग्रीक लिपी दाखवते. म्हणूनच उच्चार कळला. तमिळमध्ये हीच साक्ष शिलालेख देतात. ‘पाच’ला ग्रंथात ‘ऐंदु’, बोलण्यात ‘अंजु’. आणि हे ‘अंजु’ हजार वर्षांपूर्वीच्या चोळ शिलालेखांतही कोरलेले आहे. आज ज्याला अपभ्रंश म्हणतात, ते रूप राजाच्या दगडावर होते. बोलीलाही स्वतःचा इतिहास आणि स्वतःचे नियम असतात.

आक्षेप असा की बोलीला मान दिला तर मदुरै, कोइंबतूर आणि चेन्नई यांना जोडणारा दुवा तुटेल, जुने साहित्य परके होईल. ही काळजी खरी आहे, पण ग्रंथभाषा टिकवण्यासाठी बोलीला हिणवावे लागत नाही. १९५२ च्या ‘पराशक्ती’ चित्रपटात करुणानिधींचे संवाद ग्रांथिक वळणाचे होते, १९७७ मध्ये भारतीराजांच्या ‘पदिनारु वयदिनिले’ने खेड्याची बोली पडद्यावर आणली. तरीही ग्रांथिक तमिळ मेली नाही. वर्तमानपत्रे आजही त्याच भाषेत निघतात. चेन्नईत स्थायिक होणाऱ्या मराठी माणसाला केवळ पुस्तकी तमिळ शिकवली, तर त्याला फलक वाचता येतील, शेजाऱ्याचे बोलणे मात्र कळणार नाही. म्हणून वर्गात दोन्ही रूपे शिकवावीत आणि बोलीचे व्याकरणही तितक्याच गांभीर्याने सांगावे. मराठीलाही हा धडा लागू आहे : वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी जरूर शिकवावी, पण त्याच्या घरच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणे हे भाषेचे रक्षण नव्हे, तिच्या इतिहासाचे अज्ञान आहे.