फुकट लिनक्सचा पगार कोण देणार?

हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या कितीतरी कंपन्यांचे सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्ससाठी परवान्याचा एक रुपयाही मोजावा लागत नाही. मात्र नव्या यंत्रावर लिनक्स आपोआप चालत नाही. त्यासाठी कोणीतरी रात्री जागवलेल्या असतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने एम१ चिपचे मॅक आणले. त्यांवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला कंपनीने आडकाठी केली नाही, पण चिपची तांत्रिक माहितीही दिली नाही. फ्लॅट आपल्या नावावर, वायरिंगचा नकाशा बिल्डरच्या कपाटात! या मॅकवर लिनक्स चालवण्यासाठी प्रोग्रामर हेक्टर मार्टिन यांनी लोकांच्या मासिक वर्गणीवर ‘आसाही लिनक्स’ हा प्रकल्प उभा केला. चिपला कोणता आदेश दिला की ती काय करते, हे निरखत ड्रायव्हर लिहिले गेले. मार्च २०२२ मध्ये पहिली अल्फा आवृत्ती आली. २०२४ मध्ये या चमूचा ग्राफिक्स ड्रायव्हर ओपनजीएल ४.६ या मानकाच्या अधिकृत कसोटीला उतरला. अ‍ॅपलची स्वतःची मॅकओएस तेव्हा ४.१ वरच थांबलेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्टिन थकून बाजूला झाले.

गडगंज कंपनीचे काम इतरांनी वर्गणी काढून का करायचे, असा आक्षेप घेतला जातो. पण हे काम कंपनीसाठी नाही, यंत्राच्या मालकासाठी आहे. कंपनीने अपडेट थांबवले की धडधाकट लॅपटॉपही निकालात निघतो; लिनक्स त्याला आणखी काही वर्षे कामाला लावते. आक्षेपातला खरा भाग वेगळाच आहे. चिपची नवी पिढी आली की बरेच काम पुन्हा करावे लागते. एवढा रेटा वर्गणीवर निभत नाही, त्याला पगारी माणसे लागतात.

बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तसेच करा म्हटले, तर हिंजवडीतल्या कंपन्या सीएसआरच्या (सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या) नियमांकडे बोट दाखवू शकतील. तो पैसा परदेशातल्या कामावर सहसा खर्च करता येत नाही, हे खरेच. मग सीएसआर राहू द्या. आपल्याच पगारपत्रकावरचे दोन इंजिनिअर वर्षभर ड्रायव्हर लिहायला द्यायला कोणता कायदा आडवा येतो? त्यांचा कोड लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये गेला की तो सर्वांचा होतो, आणि बंद हार्डवेअर उलगडण्याचे कसब मात्र कंपनीतच राहते. या व्यवहारात तोटा कुठे आहे, ते एखाद्या कंपनीच्या हिशेबनिसाने दाखवून द्यावे.